भोपळा कोणाच्या वाट्याला

१ जून, शनिवार

आजपासून रोजनिशी. आजपासून आयुष्य बदलतं आहे आणि बदलताना नोंद ठेवलेली बरी. पुढे लोक विचारतात.

एका शेताचे सभासद झालो. खालच्या गॅरेजमध्ये सकाळी मीटिंग होती. शहराबाहेर एका बाईंचं शेत आहे. हंगामाच्या सुरुवातीलाच आपण वर्गणी भरायची आणि मग दर शनिवारी तिथे जे पिकेल त्याचा एक क्रेट आपल्याला. आपण निवडायचं नाही, ऋतू निवडणार. पीक आलं तर क्रेट भरून, आणि गारा पडल्या तर त्या गाराही आपल्याच. हे ऐकताना मला भरून आलं. टाळ्या मीच सुरू केल्या.

पूर्ण क्रेट आम्हा तिघांना (मी, ही आणि सासूबाई) जास्त होतो. त्यावर सोय अशी की दोन घरांनी मिळून एक क्रेट घ्यायचा. बाईंनी विचारलं, अर्ध्या वाट्याला जोडीदार कोण? मी शेजारी उभ्या असलेल्या दातवाल्याचा हात धरून वर केला.

दातवाला म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा दातांचा डॉक्टर. वीस वर्षांची दोस्ती. त्याचा दवाखाना तळमजल्यावर, गॅरेजला लागून. शेवटचा पेशंट गेला की सात वाजता वेटिंग रूममध्ये आमचा बुद्धिबळाचा डाव. बायको वारल्यापासून तो एकटा आहे आणि टोस्ट, बिस्किटं नि उकडलेली अंडी यांवर जगतो. म्हणाला, अरे, मला गॅस पेटवता येतो, त्यापुढचं काही येत नाही. मी म्हटलं, म्हणूनच तर. अशा माणसाला हलवून जागं करायला मित्र लागतो.

हिने विचारलं की एवढी भाजी निवडणार कोण, धुणार कोण, चिरणार कोण. मी म्हटलं, मी. सासूबाई हसल्या. त्यांना हल्ली कशाचंही हसू येतं. दातवाल्याने नवी कवळी बसवून दिल्यापासून दाखवायची हौस आहे.

संकल्प: हंगाम संपेपर्यंत दुकानातली भाजी घरात येणार नाही. रविवारचा स्वयंपाक माझा.

८ जून, शनिवार

पहिला क्रेट. लेट्यूसचे गड्डे, मुळे, बीट, कांद्याची पात. सगळं मातीसकट. मातीचा वास घेतला. दातवाल्यालाही घ्यायला लावला. तो शिंकला.

वाटणीचा प्रश्न लगेच उभा राहिला. तो म्हणाला, तुला हवं ते घे, उरलेलं मला दे. अशानेच दोस्त्या तुटतात हे त्याला समजावलं. शेवटी मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासण्यात हयात गेली. माझ्यादेखत अंदाजपंचे वाटणी झाली तर मला घास उतरणार नाही.

नियम मी घालून दिला. एकाने दोन ढीग करायचे, दुसऱ्याने त्यातला एक उचलायचा. पुढच्या शनिवारी उलट. यात लबाडीला जागाच उरत नाही.

आज ढीग त्याने केले. पेशंटशी फोनवर बोलत, एका हाताने, बघता बघता. मी मात्र निवडायला वेळ घेतला. गड्डे उचलले, फिरवले, उजेडात धरले. मागे रांग लागली. शेताच्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. बघोत. मोठा गड्डा माझ्याकडे आला.

वाटणीने माणूस किती थकतो हे आज कळलं. वर येऊन आंघोळ केली आणि जेवणापर्यंत झोपलो. निवडणं, धुणं हिने केलं. पुढच्या वेळेपासून मी.

९ जून, रविवार

लेट्यूसचं सॅलड केलं. सासूबाई म्हणाल्या, पानं छान आहेत, जेवण कधी आहे?

१५ जून, शनिवार

ढीग करायची पाळी माझी. याला डोकं लागतं. दिसायला मोठा असलेला ढीग कामाचा नसावा आणि कामाचा ढीग दिसायला गरीब असावा. मुळ्याचा पाला पसरून एका ढिगाला अशी शोभा आणली की मलाच मोह व्हावा. खरा माल म्हणजे वाटाण्याच्या शेंगा नि कोवळी गाजरं. तो दुसऱ्या ढिगात खाली दडवला आणि तो ढीग मुद्दाम दातवाला येऊन उभा राहतो तिथे, पायाशी येईल असा ठेवला. पायाशी असलेल्या वस्तूकडे माणसाचं लक्ष जात नाही.

तो आला, न बघता जवळचा ढीग उचलला आणि गेला.

न बघता! असं कोण करतं? हा बुद्धिबळातही असाच खेळतो. कोणाच्या तरी दाढेबद्दल बोलता बोलता माझा वजीर मारतो आणि मग अरेरे म्हणतो. वीस वर्षं मी त्याला भोळा समजत आलो.

मुळ्याचा पाला घेऊन वर गेलो. थकवा आला होता. झोपलो.

१८ जून, मंगळवार

जेवायला वाटाण्याचं सूप. सगळ्या शेंगा दातवाल्याकडे गेल्या असं मला वाटत होतं. म्हणजे ढीग करताना नकळत काही माझ्याकडेही राहिल्या. हाताला वळण असलं की असं होतं.

निळ्या झाकणाचा मोठा डबा कुठे दिसत नाही. ऑफिसला न्यायला बरा पडतो. हिला विचारलं तर म्हणाली, मिळेल.

२३ जून, रविवार

बीट. लागोपाठ तिसऱ्या आठवड्यात बीट. ऋतूने एकदा ठरवलं की ठरवलं.

सूप करायला घेतलं. मिक्सरचं झाकण नीट बसत नाही हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. सासूबाई आत आल्या आणि मला काहीतरी झालं असं समजून किंचाळल्या. भिंत पुसायला ही, सासूबाई आणि आवाज ऐकून वर आलेला दातवाला. तो कारण नसताना बराच वेळ हसत होता. मी सूचना देत होतो.

२५ जून, मंगळवार

ऑफिससमोरच्या दुकानात चीज सँडविच आणि तळलेले बटाटे. ऑफिसची वेळ संकल्पात धरलेली नाही.

६ जुलै, शनिवार

एक गोष्ट अभिमानाने लिहून ठेवतो. निम्मा वाटा असूनही आमचा फ्रिज आठवडाभर भरलेला असतो. दार लावायला गुडघा लावावा लागतो. हिची कुरकुर चालू असते. तिला कळत नाही की ही नवऱ्याच्या निवडीची कमाल आहे. शेजारच्या ढिगापेक्षा माझा ढीग नेहमी सरस निघतो, त्याशिवाय एवढं पुरेल कसं?

मग प्रश्न असा की दातवाल्याचे गाल का भरलेत? महिन्याभरापूर्वी हा माणूस टोस्टसारखा वाळलेला होता. आता शर्टाची बटणं ताणतात. काल डाव मांडताना सहज म्हणाला की गुरुवारचं घेवड्याचं सूप फार छान झालं होतं. मी विचारलं, कसं केलंस? तर त्याला खोकला आला. पाककृती लपवतो आहे. आमच्याकडेही गुरुवारी घेवड्याचंच सूप होतं. क्रेट एकच असल्यावर असे योगायोग व्हायचेच. पण आमच्या सूपने माझे गाल भरले नाहीत. म्हणजे कस त्याच्या ढिगात जातो आहे.

डोळ्यांत तेल घालून राहिलं पाहिजे.

२० जुलै, शनिवार

आज सभासदांचा शेतावर श्रमदानाचा दिवस. सगळे गेलो. सासूबाईसुद्धा, टोपी घालून.

तण उपटायचं काम होतं. मी जोर लावून एक अख्खी ओळ साफ केली. मागे वळून बघतो तर शेताच्या बाई डोक्याला हात लावून बसलेल्या. ती गाजराची रोपं होती म्हणे. माझं म्हणणं असं की गाजर हे जमिनीखाली असतं, वर जे दिसतं ते तणासारखंच दिसतं आणि दोन्ही शेजारी शेजारी वाढू देणं हाच मुळात निष्काळजीपणा आहे. बाईंनी मला सावलीत बसवलं आणि पाट्यांवर भाज्यांची नावं लिहायला दिली.

दातवाला वाकून वाकून काम करत होता. ही, सासूबाई आणि तो एका ओळीत. मध्येच तिघं माझ्याकडे बघून हसायचे. मी हात हलवला.

३ ऑगस्ट, शनिवार

मंगळवारी गारा पडल्या. आज क्रेटमध्ये तळ दिसत होता. फाटका कोबी, बटाटे आणि एक काकडी. एकच.

बाईंना मी सभ्य शब्दांत विचारलं की याची भरपाई कशी होणार. त्या म्हणाल्या की पहिल्या दिवशी गारांच्या वाक्याला टाळ्या तुम्हीच सुरू केल्या होत्या. सगळ्यांसमोर. टाळ्या या भावनेला असतात, काकडीला नसतात. हे मनात म्हटलं आणि ढिगांकडे वळलो.

ढीग त्याने केले होते. एकात काकडी, दुसऱ्यात सगळे बटाटे. त्याला माहीत होतं मला काकडी आवडते. त्याला हेही माहीत होतं की मला माहीत आहे की त्याला माहीत आहे, म्हणून मी बटाटे उचलणार. बटाटे उचलले. तो म्हणाला, अरे, काकडी तुझ्यासाठी वेगळी ठेवली होती. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

जेवताना पानात काकडीच्या चकत्या होत्या. हिने दुकानातून आणली असणार. संकल्प मोडला. तरी खाल्ली. बायकोदेखील फितूर.

१७ ऑगस्ट, शनिवार

ऑफिसातला प्रमाणित काटा घरी आणला. नियमात बसतं, कारण तपासणीच चालली आहे.

गॅरेजमध्ये टेबल मांडून प्रत्येक ढीग तोलला. एकीकडे एक टोमॅटो काढायचा, दुसरीकडे एक मिरची घालायची, असं करत काटा बरोबर मध्ये आणला. दातवाल्याच्या दवाखान्यात पेशंट जबडा धरून बसला होता. दातवाला दोनदा आत जाऊन आला. शेवटी म्हणाला की ही भाजी आहे, सोनं नाही. त्याच्या आवाजात मी पहिल्यांदाच धार ऐकली. चोराच्या मनात काय चालतं ते असं बाहेर येतं.

मी शांतपणे म्हटलं की सोनं असतं तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.

संध्याकाळी डाव खेळायला गेलो. हरलो. तो लक्ष नसल्यासारखा होता, तरी हरलो.

७ सप्टेंबर, शनिवार

विजय. तपशिलाने लिहितो.

क्रेटमध्ये दोन भोपळे. एक गोल, केशरी, फोटो काढावा असा. दुसरा वाकडा, त्याच्या तोंडावर मोठं नाकासारखं टेंगूळ. माझी ढीग करायची पाळी. हे टेंगूळ माझ्या घरात नको होतं. म्हणून नाकवाल्या भोपळ्याबरोबर सगळे टोमॅटो ठेवले. आमिष.

दातवाला उभा राहून दोन्ही ढिगांकडे बघत होता. या खेपेला खरंच बघत होता. मग त्याने नाकवाला उचलला. म्हणाला, याला कोणी घेणार नाही, बिचारा.

बिचारा! टोमॅटो घेताना बिचारा नव्हता. पण असो. देखणा भोपळा माझा. डायनिंग टेबलावर मधोमध ठेवला. कोणी चिरायचा नाही असं सांगून ठेवलं.

१० सप्टेंबर, मंगळवार



ऑफिसात वीज गेली, म्हणून दुपारीच घरी आलो. ही शाळेत शिकवते, ती अजून यायची होती. स्वयंपाकघरात सासूबाई. त्यांच्यासमोर विळीवर तो. नाकवाला. नाक नुकतंच कापलेलं, शेजारी पडलेलं.

टेबलावर बघितलं. देखणा भोपळा जागच्या जागी होता. म्हणजे माझ्या घरात दोन भोपळे. जो भोपळा मी माझ्या बुद्धीने दातवाल्याच्या गळ्यात मारला होता, तो माझ्या विळीवर!

सासूबाईंना विचारलं, हा इथे कसा? म्हणाल्या, तुमच्या बायकोला विचारा, मला ओट्यावर दिसला, मी चिरला. आणि चिरत राहिल्या.

मला एका क्षणात सगळं उलगडलं. हा माणूस नको असलेला माल गुपचूप माझ्या घरात आणून टाकतो. माझ्या घरातल्या बायकांना भाज्या देऊन आपल्या बाजूला वळवतो. आज भोपळा, उद्या बीट. आमचा फ्रिज भरलेला का असतो? त्याच्या टाकाऊ मालाने! आणि मी समजत होतो माझी निवड!

तसाच खाली गेलो. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते, त्यांच्या तोंडात दातवाल्याचा आरसा. वेटिंग रूममध्ये आणखी दोघं. मी दारातूनच सांगितलं की वीस वर्षांच्या दोस्तीचा केसाने गळा कापलास. लबाड म्हटलं. भामटा म्हटलं. भ्रमाचा भोपळा फुटला असंही म्हटलं, ते चपखल बसलं असं तेव्हा वाटलं.

त्याने आरसा ट्रेमध्ये ठेवला. हातमोजे काढले. मला वाटलं आता सारवासारव करेल, भांडेल. तो एवढंच म्हणाला की तुझं बरोबर असेल, यापुढे पूर्ण क्रेट तूच घे. आणि नवे हातमोजे घालायला लागला. खुर्चीतल्या गृहस्थांनी अजून तोंड मिटलं नव्हतं.

ही आल्यावर काही सांगायला लागली. मी हात वर केला. त्या माणसाची वकिली मला ऐकायची नाही. ही म्हणाली, ठीक आहे, नाही सांगत. रात्री जेवायला भोपळ्याचं सूप. मी तोंडही लावलं नाही. ब्रेड खाल्ला.

११ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी सात ते आठ आता पूर्ण मोकळे. याच वेळात किती कामं होतात! पंख्याची पाती पुसली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सात वाजता काही काम सापडलं नाही. सासूबाईंना विचारलं, बुद्धिबळ खेळता? म्हणाल्या, मी त्यातलं काही जाणत नाही, पण तुम्हाला हरवीन.

१४ सप्टेंबर, शनिवार

पूर्ण क्रेट माझा. ढीग नाहीत, निवड नाही, कोणाचं तोंड बघायचं नाही. दातवाला गॅरेजमध्ये आलाच नाही. दवाखान्याचं दार बंद होतं. काचेतून सहज नजर गेली. पट तसाच मांडलेला आहे, सोमवारचा डाव अर्धा. त्याची खेळी होती.

क्रेट स्वतः वर आणला. कंबर धरली.

निळ्या झाकणाचा डबा सापडला. फडताळात वरच होता, घासून पुसून ठेवलेला. इतके दिवस कसा दिसला नाही कोण जाणे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

काहीतरी गडबड आहे. निम्म्या वाट्याचा पूर्ण वाटा झाला, म्हणजे भाजी दुप्पट व्हायला हवी. फ्रिज फुटायला हवा. पण फ्रिज पूर्वी होता तेवढाच भरलेला आहे. दार लावायला तसाच आणि तेवढाच गुडघा लागतो. काढून पुन्हा भरून बघितला. तेवढाच.

निष्कर्ष एकच. दातवाल्याशी बिनसल्याचं बघून शेताच्या बाईंनी माप मारायला सुरुवात केली आहे. एकट्या माणसाला सगळे लुटतात. पण या वेळी त्यांनी चुकीच्या खात्याचा माणूस निवडला.

२१ सप्टेंबर, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

काटा घेऊन खाली गेलो. सगळे सभासद आपापले क्रेट घेत होते. मी बाईंना खणखणीत आवाजात विचारलं, अर्ध्या वाट्यात जेवढी भाजी मिळायची तेवढीच पूर्ण वाट्यात कशी मिळते, याचा खुलासा करा. बाईंनी आधी माझ्याकडे, मग काट्याकडे पाहिलं. म्हणाल्या की अहो, पूर्ण क्रेट तर पहिल्या दिवसापासून तुमच्याच घरी जातो.

मागून कोणीतरी खोकलं. वॉचमन आकाशाकडे बघायला लागला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. मग एकेकाचं तोंड बघत गेलो. गॅरेजमध्ये माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

वर येऊन हिच्यासमोर बसलो. म्हटलं, सांग. या वेळी हात वर केला नाही.

पहिल्याच शनिवारी मी झोपलो असताना दातवाला आपला ढीग घेऊन वर आला होता. म्हणाला, वहिनी, याचं मी काय करू? तेव्हापासून दर शनिवारी मी झोपलो की तो ढीग वर यायचा. दोन्ही ढीग याच ओट्यावर, एकाच पातेल्यात. आणि रोज संध्याकाळी, मी ऑफिसातून यायच्या आत, निळ्या झाकणाचा डबा भरून खाली. सासूबाई नेऊन द्यायच्या आणि कवळी घट्ट करून घेऊन यायच्या.

म्हणजे मी जे वाटाणे दडवले, जी काकडी सोडली, मिरची-टोमॅटो घालून जो काटा मध्ये आणला, ते सगळं एकाच पातेल्यासाठी. साडेतीन महिने मी माझ्या घरची भाजी माझ्याच घराशी वाटून घेत होतो.

मला का नाही सांगितलं? हिचं उत्तर असं की डॉक्टरांनीच सांगू दिलं नाही. ते म्हणाले, तो एवढ्या मनापासून ढीग करतो, त्याचा हिरमोड नको. आणि म्हणाले की बायको गेल्यापासून त्यांच्याशी कोणी भांडतच नाही, सगळे जपून बोलतात. आठवड्यातून एकदा कोणीतरी मुळ्यावरून हुज्जत घालतं, तर तेवढं राहू द्या.

मग ही म्हणाली की दहा तारखेपासून डबा परत यायला लागला. भरलेलाच. दोनदा पाठवला, दोनदा आला. मग पाठवायचा बंद केला.

मला फसवलं आहे. बायकोने, सासूने, मित्राने, शेताच्या बाईंनी, वॉचमनने. सगळ्यांनी मिळून. आणि राग कोणावर काढायचा तेच कळत नाही, याचा जास्त राग येतो आहे. माझ्याच घरात मला परकं केलं. फार वाईट वाटलं. आज झोपही लागली नाही, आणि आज तर वर यायला कोणी नव्हतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसातून येताना दवाखान्यावरून यावं लागतं, त्याला इलाज नाही. दातवाला वेटिंग रूममध्ये एकटा बसून टोस्ट खात होता. पटाकडे तोंड करून. मला पाहिलं का माहीत नाही. मी बुटाची नाडी बांधली. दोन्ही.

गाल पुन्हा बसले आहेत.

२८ सप्टेंबर, शनिवार

निर्णय. मी त्याला माफ करणार. मोठेपणा कोणीतरी दाखवायलाच हवा आणि आमच्या दोघांत तो माझ्याकडे आहे. फक्त त्याने आधी येऊन एक वाक्य बोलावं. कुठलंही चालेल.

आला नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

अजून आला नाही. ही म्हणते, शिव्या कोणी दिल्या? मुद्दा तो नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

हंगामाचा शेवटचा दिवस. बाई पुढच्या हंगामाची नावं घेणार होत्या. माझी योजना तयार होती. सगळ्यांसमोर जाहीर करायचं की झालं गेलं विसरून मी डॉक्टरांना पुन्हा निम्मा वाटा देतो आहे. आंघोळीच्या वेळी दोनदा म्हणून बघितलं. शेवटी आवाज जरा भरून येत होता, ते राहू दिलं.

खाली गेलो तर बाई म्हणाल्या, तुमचं झालं की. ही सकाळीच येऊन नाव देऊन गेली होती. तिच्या नावावर पूर्ण क्रेट, एक घर, चार माणसं. दातवाला तिथेच कोपऱ्यात उभा होता, रिकामी पिशवी घेऊन. त्यालाही हिनेच बोलावलं होतं. मी विचारलं, ढीग? बाई म्हणाल्या, ढीग नाहीत. एका घराचे कशाला ढीग?

माझं भाषण तिथेच राहिलं. दातवाल्याने मान हलवली. मीही हलवली. मग तो पेशंट आहे म्हणून गेला. पेशंट नव्हता, मी काचेतून पाहिलं.

हिला विचारलं, आणि या सगळ्यात मी काय करायचं? तुझ्या हातात वजनं राहिली नाहीत तर तुला करमणार कसं, असंही काही ती म्हणाली नाही. टेबलावरचा माझा देखणा भोपळा तिने दुपारी, मला न विचारता, चिरला. आतून फोपसा निघाला. सासूबाई म्हणाल्या, तो नाकवाला किती गोड होता! मी चाखला नव्हता, काय बोलणार.

सात वाजता हिने निळ्या झाकणाचा डबा माझ्या हातात दिला. गरम होता. म्हणाली, तुझं काम एवढंच, सांडू नकोस.

जिना उतरताना माफीचं वाक्य जुळवलं. म्हणजे मी त्याला माफ करतो ते. दारात पोचेपर्यंत त्याचं नुसतं, ते त्या दिवशी मी, एवढंच उरलं. तेवढं म्हटलं. दातवाला म्हणाला, आत ये, सूप गार होतंय.

त्याने दवाखान्यातले दोन वाडगे आणले. डबा उघडून दोन्हीत ओतलं, माझ्याकडे न बघता, अंदाजाने. मग दोन्ही वाडगे पटाच्या कडेला ठेवले आणि हात मागे घेऊन बसला. निवड, म्हणाला.

मला काही दिसत नव्हतं. चष्म्यावर वाफ आली असणार. न बघता जवळचा उचलला.

मग त्याने त्याची राहिलेली खेळी केली. घोडा. महिनाभर विचार करून केलेली खेळी ती, दुसरं काय होणार? थोड्या वेळात हरलो. अरेरे म्हणाला.

वर येताना डबा धुवायला आणला. सूप संपवताना लक्षात आलं होतं, माझ्या वाडग्यात कमी होतं. त्याला ते माहीत होतं. मुद्दाम जवळ ठेवला होता.